श्वास धरता येत नाही म्हणून आई रडते

ताई, मी नंदनवनला राहते. माझी आई ५९ वर्षांची आहे, उमरेडला असते, सध्या माझ्याकडं आहे. डाव्या स्तनातली गाठ डिसेंबरात काढली, केमो एप्रिलच्या शेवटी संपले, आता रेडिएशन सुरू होणार. (आजी त्याला सेकाई म्हणते.) मागच्या मंगळवारी प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला बोलावलं होतं. आईला फळीवर झोपवलं, दोन्ही हात डोक्यावर, छातीच्या खाली पोटावर एक छोटासा प्लास्टिकचा डबा ठेवला आणि माइकवरून सांगून राहिले डीप ब्रेथ घ्या, होल्ड करा. आईला जमलंच नाही. तीनदा केलं तर तिन्ही वेळा वेगळं आलं, चौथ्यांदा खोकला आला. शेवटी म्हणाले आठ दिवस घरी प्रॅक्टिस करून या, नाही जमलं तर साध्या श्वासावर करू. बाहेर आल्यावर मी आईवर ओरडले, एवढं साधं जमत नाही का तुला, भजनी मंडळात तर केवढा सूर लावते. तेव्हापासून ती धड बोलत नाही, रात्री रडते, म्हणते माझ्याच्यानं ट्रीटमेंट बिघडणार. भाऊ म्हणतो मुंबईला नेऊ. श्वास धरणं खरंच एवढं जरूरी आहे का? मधेच सुटला तर किरणं भलतीकडं लागतील का? आणि नाहीच जमलं तर काय करायचं?
– एक मुलगी, नागपूर

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि सगळ्यात आधी ती मधली गोष्ट सांगते कारण आई रात्री त्याच्यावरच रडत असणार. मधेच श्वास सुटला तर किरणं भलतीकडं लागत नाहीत. मशीन थांबतं. तो जो डबा आईंच्या छातीखाली ठेवला होता नं, तो त्याच्यासाठीच आहे. हे आजच्या आज आईंना सांग, पत्राचं बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मी २७ वर्षं रेडिएशनच्या मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, त्यामुळं त्या माइकच्या दुसऱ्या बाजूला काय चालतं ते मला माहीत आहे. त्या डब्यावर पांढरे ठिपके असतात, चकाकणारे, आणि पलंगाच्या पायथ्याशी नाहीतर छताला एक इन्फ्रारेड कॅमेरा असतो, तो त्या ठिपक्यांकडं बघत राहतो. आई श्वास घेते तसा डबा वर जातो, सोडते तसा खाली येतो, आणि बाहेर आमच्या स्क्रीनवर त्याची लाट दिसते, ईसीजीसारखी पण शांत, गोल गोल. काही ठिकाणी डब्याऐवजी पोटाला पट्टा बांधतात, काही ठिकाणी तोंडात नळी आणि नाकाला चिमटा देऊन किती हवा आत गेली ते मोजतात, आणि नव्या मशीनवर तर अंगाला काहीच लावत नाहीत, छातीवर नुसता प्रकाश टाकून कॅमेरेच कातडीचा आकार बघतात. प्रकार वेगवेगळे पण काम तेच, पेशंट आत एकटा असतो तेव्हा त्याच्या श्वासावर कुणीतरी सारखी नजर ठेवणं. डावीकडच्या ब्रेस्टच्या पेशंटला श्वास धरायला लावतात तेव्हा स्क्रीनवर काही मिलिमीटर रुंदीचा एक पट्टा आखलेला असतो, लाट त्या पट्ट्यात येऊन स्थिर झाली की बीम, म्हणजे किरणांचा झोत, सुरू, लाट पट्ट्याबाहेर गेली की बीम बंद. बऱ्याच मशीनवर हे आपोआप होतं, काही ठिकाणी टेक्नॉलॉजिस्ट स्वतः बटण दाबून थांबवतो. आणि थांबलं म्हणजे तेवढा डोस वाया गेला किंवा डबल बसला असं काही होत नाही. पेट्रोल पंपावर नोझलचा खटका सोडला की मीटर जिथं असतो तिथंच थांबतो नं, परत दाबला की तिथून पुढं सुरू, अगदी तसं. किती दिलं आणि किती राहिलं ते मशीन मोजत असतं, आई पुन्हा श्वास धरतील, राहिलेलं पूर्ण होईल. खोकला आला, शिंक आली, घाबरल्यासारखं झालं, काहीही झालं तरी हेच.

आता जरूरी का, त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे कारण कळलं की माणूस श्वास धरायला आपणहून तयार होतो, नुसतं होल्ड करा होल्ड करा म्हटल्यानं होत नाही. डावा स्तन आणि हृदय यांच्यात अंतर फार थोडं असतं, मधे छातीची भिंत. साध्या श्वासात हृदयाचा पुढचा कोपरा त्या भिंतीला जवळजवळ टेकलेला असतो आणि हृदयाची एक महत्त्वाची रक्तवाहिनी अगदी त्याच पुढच्या बाजूनं खाली जाते. रेडिएशनची किरणं स्तनाला बाजूनं तिरपी घासून जातात, तर हा कोपरा त्या वाटेत येऊ शकतो. पण खोल श्वास घेतला की फुफ्फुस भरतं, खालचा पडदा खाली ओढला जातो, त्याच्यासोबत हृदय खाली आणि मागं सरकतं, आणि छातीची भिंत पुढं येते. मधे हवेनं भरलेलं फुफ्फुस येतं. एवढंच. कोणतं औषध नाही, सुई नाही, बाईच्या स्वतःच्या श्वासानं तिचं हृदय वाटेतून बाजूला होतं, आणि बऱ्याच जणींमध्ये हृदयाला जाणारा डोस निम्म्याच्या आसपास येतो. मी पहिल्यांदा एकाच बाईचे दोन स्कॅन, साध्या श्वासातला आणि धरलेल्या श्वासातला, शेजारी शेजारी बघितले तेव्हा कितीतरी वेळ बघतच बसले होते.

त्या डोसचं महत्त्व किती, तर २०१३ साली स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ बायकांचा एक मोठा अभ्यास आला, ब्रेस्टला रेडिएशन घेतलेल्या बायकांचा. त्याच्यात दिसलं की हृदयाला सरासरी १ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं माप) डोस जास्त गेला की पुढच्या आयुष्यात हार्ट अटॅकसारखा मोठा त्रास होण्याचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा ऐकून लोक घाबरतात म्हणून नीट समजून घे, शंभरातल्या सात जणींना अटॅक येतो असा त्याचा अर्थ नाही. मुळात शंभरातल्या ४ जणींना होणार असेल तर ते ४.३ होतं, असा. म्हणजे श्वास नाही धरला तर आईचं हृदय गेलं असं अजिबात नाही, आणि ज्यांना आधीपासून बीपी, शुगर, हार्टचं काही आहे त्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. पण जो डोस टाळता येतो तो टाळावा, ५९ हे काही वय नाही, आईंना अजून कितीतरी वर्षं काढायची आहेत.

आणि ही सोय नेहमीच होती असं नाही. मी कामाला लागले तेव्हा आम्ही श्वास बघतच नव्हतो, पेशंट श्वास घेतो, हलतो, तर भोवताली जास्तीची जागा धरा आणि तेवढ्या सगळ्याला किरण द्या, हाच उपाय. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेनं २००६ साली सांगितलं की श्वासामुळं गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर त्या हलण्याचा विचार करूनच ट्रीटमेंट करा. हे मुख्यतः फुफ्फुस, लिव्हर, पॅन्क्रियाससाठी. फुफ्फुसाच्या खालच्या भागातली गाठ एकेका श्वासात सेंटिमीटर सेंटिमीटर वरखाली होते, कधी त्याहून जास्त. वाचकांमध्ये कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी, त्यांना श्वास धरायला सांगतीलच असं नाही, उलट म्हणतील रोजच्यासारखा श्वास घेत राहा. झोक्यावर बसलेल्या पोराचा फोटो काढला तर तो हललेला येतो, पण झोका कुठं असताना कोणता फोटो काढला हे लिहून ठेवलं तर नंतर ते ओळीनं लावता येतात. फोर-डी सीटी म्हणजे हेच, डब्याची लाट आणि स्कॅन सोबत नोंदवतात आणि मग एका श्वासाचे साधारण १० भाग पाडून गाठ कुठून कुठं जाते ते बघतात. कुठं मग त्या पूर्ण वाटेला किरण देतात, कुठं श्वास सोडलेल्या क्षणीच बीम चालू करतात, रेल्वे फाटकासारखं, उघडलं की जायचं, पडलं की थांबायचं. श्वास सोडलेला क्षण काहून, तर माणूस तिथं जरा जास्त वेळ टेकतो आणि जवळपास दर वेळी त्याच जागी येतो. अशा पेशंटनं स्कॅनच्या दिवशी मुद्दाम चांगला मोठा श्वास घेऊन दाखवायचा नाही, तिथंच गडबड होते. घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघताना घेतो तसा.

आता तुझ्या आईंकडं येते. तीन वेळा तीन वेगळे श्वास आले आणि चौथ्यांदा खोकला, हे पहिल्या दिवशी इतक्या जणींचं होतं की आम्ही त्याला अपयश म्हणतच नव्हतो. जरा विचार कर, ऑपरेशन झालेला हात डोक्यावर ताणून ठेवलाय, अंगावर वरचे कपडे नाहीत, खोली थंडगार, आजूबाजूला अनोळखी पोरं, आणि वरून आवाज येतो होल्ड. माणूस दचकून श्वास घेतो, गळा आवळतो, आणि चार सेकंदात सुटतो. बरं, होल्ड म्हणजे काय हे उमरेडच्या बाईला कुणी आधी सांगितलं होतं का? म्हणजे भरलेला श्वास धरायचा की सोडून थांबायचं? मी हा गोंधळ इतक्यांदा बघितलाय की शेवटी मी स्कॅनच्या आधी प्रत्येकीला बाहेरच्या बाकावर बसवून एकदा स्वतः करून दाखवत होते.

एक आठवण सांगते, ती मी विसरू शकत नाही. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, एका दवाखान्यात श्वास धरून ट्रीटमेंट नुकतीच सुरू झाली होती आणि आम्हीही शिकतच होतो. एक काकू होत्या, त्यांना चष्म्यासारख्या स्क्रीनमध्ये एक पट्टी दिसायची, श्वास घेतला की पट्टी वर चढते, चौकोनात आली की धरायचं. काकूंची पट्टी दर वेळी बरोब्बर चौकोनात. आम्ही माइकवरून वा काकू, मस्त काकू म्हणत होतो. बीमच्या आधी फोटो घेतला तर फुफ्फुसाची कड जवळजवळ सेंटिमीटरभर चुकलेली. परत केलं, परत तेच. आत जाऊन बघितलं तेव्हा कळलं, काकू श्वास घेतच नव्हत्या पुरेसा, पाठ उचलत होत्या. पट्टी वर गेली की आम्ही शाबासकी देत होतो, तर त्या बिचाऱ्या आम्हाला बरं वाटावं म्हणून कसंही करून पट्टी वर नेत होत्या. चूक आमची होती, आम्ही त्यांना पट्टीचं सांगितलं, श्वासाचं सांगितलंच नाही. तेव्हापासून मी स्क्रीनवरची लाट सुंदर दिसली म्हणून कधीच निश्चिंत झाले नाही, डबा म्हणजे गाठ नाही आणि डबा म्हणजे हृदयही नाही, म्हणून तर रोज किंवा ठरलेल्या दिवशी मशीनवरच एक्सरे नाहीतर छोटा स्कॅन घेऊन तपासतात. आणि आईंना हेच सांग की कुणाला खूश करायला जायचं नाही. तिथं नंबर देत नाहीत.

घरची प्रॅक्टिस कशी करायची ते आता सांगते, पण आधी डॉक्टरांना विचारून घे की आईंना हार्टचं किंवा दम्याचं काही असेल तर चालेल का, आणि तिथल्या टेक्नॉलॉजिस्टला फोन करून एवढं विचार की तुम्हाला छातीत भरलेला श्वास पाहिजे की पोटानं घेतलेला, आणि किती सेकंद. बहुतेक ठिकाणी छातीचा आणि १५ ते २० सेकंद सांगतील, पण त्यांचं जे आहे तेच घरी करायचं, नाहीतर घरी एक आणि तिथं एक असं होतं. खाली सतरंजीवर उताणं झोपव, पलंगाची गादी नको, ती दबते. हात जेवढे जातील तेवढे डोक्याकडं. जिथं डबा ठेवला होता तिथं एक माचिस ठेव आणि तू बाजूला बसून माचिसच्या उंचीवर डोळे ने. वरच्या पाठीखाली, फऱ्यांच्या मधे, वहीचा एक कागद सरकवून ठेव आणि त्याचं टोक तुझ्या हातात. श्वास धरलेला असताना कागद अलगद ओढून बघ, सहज निघून आला तर पाठ उचललीये, दबून राहिला तर श्वास खरा आहे. दोन साधे श्वास, मग घ्या, सोडा, आता सावकाश घ्या, भरगच्च नाही, पूर्ण भरता येतो त्याच्या पाऊण, आणि धरा. पाऊण काहून म्हणते, तर गळ्यापर्यंत भरलेला श्वास रोज सारखा येत नाही आणि टिकतही नाही, पाऊणचा येतो. ओठ घट्ट आवळायचे नाहीत, गळा आवळायचा नाही, नुसतं थांबायचं. माचिस वर जाऊन स्थिर राहिली पाहिजे. हळूहळू खाली उतरत असेल तर नाकातून हवा निसटून राहिलीये, त्यांना कळत नसतं, तू सांग. पहिल्या दिवशी १० सेकंद झाले तरी पुष्कळ. मधे अर्धा-एक मिनिट आराम, असं पाचदा, सकाळी आणि संध्याकाळी. चक्कर आल्यासारखं झालं की बंद, त्या दिवशी पुन्हा नाही. आणि ते भराभर श्वासाचे प्रकार, कपालभाती वगैरे, ह्याची तयारी म्हणून करू नका, इथं स्थिर श्वास पाहिजे, जोराचा नाही.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट तू रागात लिहिली आहेस, की आई भजनी मंडळात सूर लावते. अगं, मग अर्धं काम झालेलंच आहे! भजन म्हणणाऱ्या बाईला श्वास कुठं घ्यायचा, किती घ्यायचा आणि ओळ संपेपर्यंत पुरवायचा कसा हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यांना सेकंद मोजायला लावू नको, सेकंद मोजताना माणूस घाबरतो, आता किती राहिले, आता किती राहिले. त्यांच्या आवडीची एक ओळ निवडायला सांग, मंडळात म्हणतात त्याच लयीत ती मनातल्या मनात म्हणायची, तोंडानं नाही, आणि तू मोबाइलवर बघ ती ओळ कितीदा म्हटली की २० सेकंद होतात. दोनदा होत असेल तर बस, दोन ओळी धरायच्या, तीनदा होत असेल तर तीन. रोज तीच ओळ, मशीनवरही तीच.

हाताचं विसरू नको. ऑपरेशननंतर खांदा आखडतो, हात वर ठेवला की दुखतो, आणि दुखऱ्या माणसाचा श्वास कधीच सारखा येत नाही, दर वेळी वेगळा आला त्याचं निम्मं कारण मला हेच वाटतं. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढत जायचं तो व्यायाम फिजिओथेरपिस्टनं सांगितला असेल, तो दिवसातून तीन-चारदा होऊ दे. तरी दुखलं तर डॉक्टरांना विचार, काही जणींना ट्रीटमेंटच्या आधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी देतात. आणि खोकल्याचं बघ. मे महिना आहे, घरोघरी कूलर लागले, गवत बदललं की पहिले दोन दिवस त्याचा वास आणि धूळ नाकातोंडात जाते, आईंना कूलरच्या थेट झोतात झोपवू नको. भर उन्हातून आलेल्या बाईला लगेच त्या थंड खोलीत नेलं की अंग शहारतं आणि श्वास तुटतो, तर पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा, थोडं पाणी पिऊ दे, एक सुती शाल सोबत ठेवा, पोटापासून खाली पांघरायला ते देतात.

मंगळवारी जाशील तेव्हा आईंना आत नेण्याआधी टेक्नॉलॉजिस्टशी दोन मिनिटं बोल, भांडायला म्हणून नाही. सांग की आईला मराठीतच सांगा, 'घ्या, सोडा, घ्या, धरा' आणि शेवटी 'सोडा', रोज हेच शब्द आणि होता होईल तो एकाच माणसाचा आवाज. ते ऐकतात, त्यांनाही काम लवकर आणि नीट व्हायला पाहिजे असतं. आईंना ऐकायला कमी येत असेल तर तेही आधीच सांग, आत गेल्यावर माइकचा आवाज घुमतो. मग डॉक्टरांना विचार की दोन्ही स्कॅन, साध्या श्वासाचा आणि धरलेल्या श्वासाचा, घेऊन दोन्हींत हृदयाला सरासरी किती डोस जातो ते तुम्ही बघणार का. हा प्रश्न विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि चांगला डॉक्टर त्याच्यानं चिडत नाही. कारण काही बायकांच्या छातीची ठेवणच अशी असते की साध्या श्वासातही हृदय लांब असतं, मग श्वास धरून फार काही पदरात पडत नाही.

नाहीच जमलं तर? तर साध्या श्वासावर होईल, आणि ती दुय्यम ट्रीटमेंट नाही, जगात अजूनही कितीतरी ठिकाणी तशीच होते. मशीनच्या तोंडाशी टंगस्टनच्या बारीक पात्या असतात, त्या पुढं सरकवून हृदयाचा कोपरा झाकता येतो. किरणांचे कोन बदलता येतात. काही सेंटरला पालथं झोपवून देतात. स्तनासाठीचा डोस तोच राहतो, कॅन्सरवरचा इलाज कमी होत नाही, फक्त हृदय वाचवायची वाट वेगळी. आठ दिवस थांबल्याचंही टेन्शन घेऊ नको, स्कॅननंतर प्लॅन बनवायला तसेही काही दिवस लागतात आणि तारीख डॉक्टरांनीच दिली आहे. पण एकदा सुरू झालं की मधे दांड्या नकोत, लग्न असो नाहीतर काही असो.

भावाला माझं एवढं सांग की मुंबईला नेलं तरी श्वास आईंचाच राहणार आहे. ब्रेस्टचं रेडिएशन आता बऱ्याचदा १५ दिवसांचं असतं, शनिवार-रविवार सोडून, म्हणजे तीन आठवडे, कधी वर थोडं. तेवढे दिवस परक्या गावात खोली घेऊन, लोकलच्या गर्दीत, केमोनं थकलेल्या बाईला रोज नेणं आणणं, त्यापेक्षा लेकीच्या घरचं गरम जेवण आणि दुपारची झोप श्वासाला जास्त कामाची. आपल्या नागपुरात मानेवाडा रोडचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, गडचिरोली-गोंदियापासून तर छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे लोक इथं येतात. दुसरं मत घ्यायचं असेल तर इथंच एक दिवस फाइल आणि सीडी घेऊन जा, एवढंच विचारा की आईसाठी श्वास धरून करायचा फायदा किती. पैशाचं काही अडत असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेट, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन येतं, कोणत्या पॅकेजमध्ये काय बसतं ते तो बघून सांगेल.

आणि ते ओरडलीस त्याचं. मीही एकदा ओरडले आहे, माइकवरून, अहो बाई धरा नं श्वास! त्या बाईची लाट त्यानंतर इतकी बिघडली की त्या दिवशी ट्रीटमेंट झालीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी आत जाऊन त्यांचे हात धरून माफी मागितली. तेव्हा कुठं लाट जागेवर आली. तूही आज माग. नुसतं सॉरी आई म्हणून मोबाइल घेऊन बसू नको, सतरंजी घाल, आईंच्या बाजूला तूही झोप, हात वर कर, दोघी मिळून ती ओळ मनात म्हणा आणि श्वास धरा. तुझा आधी सुटेल बघ. त्या हसतील.

पहिल्या दिवशी तू बाहेर बाकावर बसशील. दाराच्या वर एक लाल दिवा असतो, बीम चालू असेपर्यंत तो लागतो. आईंच्या ट्रीटमेंटमध्ये तो एकदा लागून एकदाच विझणार नाही, लागेल, विझेल, पुन्हा लागेल, असं पाच-सहा वेळा होईल, आणि नव्या माणसाला वाटतं आत काहीतरी बिघडलं. दिवा विझला की आई श्वास सोडून आराम करून राहिल्या, लागला की त्यांनी ओळ सुरू केली, एवढं ध्यानात ठेव.